तिसरी दाढ

कडूबाई : ऊठ ना आता. कंपाउंडरनं दोनदा हाक मारली.

कानिफ : मारू दे. मी आत जाणार न्हाई.

कडूबाई : आरं, मंग यस्टीत दाटीवाटीनं उभं ऱ्हाऊन ह्या भिंगारला कशाला आलो आपुन? हवा खायाला?

कानिफ : तू आणलंस म्हणून आलो. दोन दाढा दुखत हुत्या, गेल्या शनिवारी दोन्ही काढल्या. काम संपलं. ही तिसरी दुखत न्हाई. हे बघ, बोटानं वाजवतो. काय बी होत न्हाई.

कडूबाई : डाक्तर गुरुवारी म्हनला ना तुला, आतून सडलीय म्हून. त्याला जास्ती कळतंय का तुला?

कानिफ : आये, तुला डाक्टरचं कवापासून पटायला लागलं गं? मला मुदतीचा ताप आला हुता, तवा तीन दिवस औषधाची बाटली तू रांजणामागं लपवली हुतीस. सरकारी औषधानं पोर सुकतं म्हणायचीस. गोरखदादानं तुझ्यावर वरडून मला ते पाजलं. आन आता ह्या डाक्टरचा एक शब्द तू खाली पडू देईना.

कडूबाई : तवा मला काय कळत हुतं? मानूस शिकतं.

कानिफ : एवढं? आठ दिवसांत?

कडूबाई : तू आत चल. लोक बघत्यात.

कानिफ : इथं कुणी न्हाई. आपण दोघंच हाय बाकावर. आये, नऊ दिवसांनी सोमवारी भरती हाय. ठाऊक हाय ना?

कडूबाई : हाय ठावं. रोज त्योच जप चाललाय घरात.

कानिफ : तिथं पळवत्यात, छाती मोजत्यात, तसे दात बी मोजत्यात. काकासाहेब दातांवरनं माघारी आला.

कडूबाई : आपल्या भावकीतला काकासाहेब? त्याची तर छाती भरली न्हवती.

कानिफ : छाती भरली हुती. दातांत गेला. ते सांगायची लाज वाटली म्हणून छाती सांगतो. चौदा गुण लागत्यात. पुढच्या दाताला एक, दाढंला दोन. माझे अठरा हुते. दोन दाढा गेल्या, चौदा राह्यले. अगदी काठावर. ही तिसरी गेली की बारा. मग मला तिथनं हाकलून देत्याल.

कडूबाई : मला अडान्याला काय कळतंय तुझं गुनाबिनाचं.

कानिफ : कळतंय. परवा भाकरी थापता थापता तू पिठाच्या हातानं बोटं मोजीत हुतीस. अठरा, सोळा, चौदा. मला वाटलं, खडीच्या कामाची हजेरी मोजती. मग यस्टीत ध्यानात आलं. हजेरी अशी उलटी कोण मोजतं?

कडूबाई : ऊठ, कंपाउंडर फिरून हाक मारतोय.

कानिफ : बोलणं बदलू नको. मंगळवारी कामावर खाडा करून कुठं गेल्तीस?

कडूबाई : सांगितलं ना. ठिपक्याची कोंबडी इकायला.

कानिफ : कुणाला विकलीस?

कडूबाई : हुती एक बाई. लष्करातल्या मानसाची बायको. मला काय तिचं नाव पुसायचंय?

कानिफ : मग त्या बाईनं कोंबडी इथं आणून सोडली काय? ती बघ, दवाखान्याच्या पायरीखाली दाणे टिपती.

कडूबाई : ठिपक्याच्या काय दुनियेत एकच कोंबडी हाय व्हय?

कानिफ : डाव्या पायाचं एक बोट न्हाई तिला. मुंगसानं तोडलं, तवा हळद मीच भरली हुती. आन आता आपण आलो तवा कंपाउंडर तुला काय म्हणाला? 'मावशी, परत आल्या का?' परत म्हणाला तो. गेल्या शनिवारी तू मोंढ्यापाशीच थांबली हुतीस, गुरुवारी मी एकटाच आलो हुतो. मग ह्यानं तुला पहिल्यांदा कधी बघितली?

कडूबाई : व्हय. आले हुते मी. झालं आता तुझं समाधान?

कानिफ : काय सांगितलंस त्यांना?

कडूबाई : काय बी न्हाई.

कानिफ : कोंबडी देऊन काय बी न्हाई? आये, मंगळवारी तू येतीस आन गुरुवारी डाक्टरला तिसरी दाढ सडलेली दिसती. शनिवारी न्हवती दिसली. मी काय दूधपितं पोर हाय?

कडूबाई : बारीक बोल. बारीक बोल जरा.

कानिफ : माझ्या तोंडात हात घालून मला माघारी ओढायला निघालीस तू. 'जाऊ नको' म्हणून तोंडावर सांगायचं हुतंस.

कडूबाई : न्हाई सांगितलं? पेटी आली त्या दिवसापासनं सांगती हाय. ऐकलंस तू? आरं, गोरख गेला त्याला ह्या महिन्यात वरीस हुतंय. लढाईतनं त्याची पेटी आली, आत कपडे. चांगली घडी घालून ठिवलेले. त्या पोरानं जल्मात कंदी कपड्याची घडी घातली का? मला वाटलं, पेटी दुसऱ्या कुनाची तरी हाय. आजूनबी वाटतं. कागद वाचून दाखवनारा वाचून जातो, मला काय कळतंय त्यात काय लिवलंय आन काय न्हाई.

कानिफ : आये, कागद मीच वाचला हुता.

कडूबाई : ठावं हाय. तुझ्यावर बी माझा इस्वास बसला न्हाई त्या दिवशी.

कानिफ : ऐक. तुला वाटतं, मी दादाच्या जागी चाललोय. तसं न्हाई. मला मोटार शिकायचीय. तिथं शिकवत्यात. सकाळी सातला हातोडा उचलायचा, खडी फोडायची, कामावर मिळती ती सुकडी खायाची, निजायचं. पाऊस आला तरी आपला माळ तो माळच. मी ह्याच्यात संपून जाईन. मग मी घरात असलो काय आन नसलो काय.

कडूबाई : असलास तर मला दिसशील.

डॉक्टर : काय चाललंय? आतल्या पेशंटला भूल चढेना तुमच्या आवाजानं. कानिफनाथ, तुझा नंबर केव्हाचा आलाय.

कानिफ : डॉक्टरसाहेब, आधी मला एक सांगा. माझी आई मंगळवारी तुमच्याकडं आली होती का?

डॉक्टर : आली होती. एक कोंबडी ठेवून गेली. कंपाउंडर ती परत द्यायला कोपऱ्यापर्यंत धावला, पण बाई सापडल्या नाहीत. दोन अंडी दिली कोंबडीनं. ती मी खाल्ली, हे कबूल करतो. जाताना घेऊन जा तिला.

कानिफ : आई काय म्हणाली?

डॉक्टर : ते त्यांनीच सांगावं. सांगा बाई.

कडूबाई : म्हनले, पोराच्या दोन काढल्या, तशी आनखी एखादी काढा. चांगली असली तरी काढा.

डॉक्टर : आणि मी काय म्हणालो?

कडूबाई : तुमी मला हाकललं.

डॉक्टर : बाहेर व्हा म्हणालो. वीस वर्षं मी फौजेत दातांचा डॉक्टर होतो. पोरांचे दात शाबूत ठेवायचा पगार खाल्लाय मी. आवाज चढला माझा, तेवढं चुकलं.

कानिफ : मंगळवारी हाकललंत आणि गुरुवारी तिनं मागितलं तेच मला सांगितलंत. कसं?

डॉक्टर : शनिवारीच सांगितलं होतं. एका वेळी दोनच, म्हणालो होतो. तू गाल धरून कण्हत होतास, तुला ऐकू गेलं नसेल. हे तुझं कार्ड. तारीख शनिवारची. खाली तीन गोल. दोन काढल्या म्हणून फुली मारली. तिसरा तसाच आहे.

कानिफ : गोल काय, मागून बी काढता येतो. शाई तीच.

डॉक्टर : येतो. बरोबर आहे. मग कार्ड राहू दे, माझं म्हणणंही राहू दे. तोंड उघड. गालावर धरायला आणलेला बर्फ आहे हा. आधी शेजारच्या दाढेला लावतो.

कानिफ : स्स्... आई गं!

डॉक्टर : ही जिवंत दाढ. आता त्या तिसरीला लावतो. काय वाटतं?

कानिफ : लावला का?

डॉक्टर : लावलाय. कधीचा.

कानिफ : काहीच नाही.

डॉक्टर : थंडही नाही?

कानिफ : नाही.

डॉक्टर : ती मेली आहे. दुखत नाही ती चांगली आहे म्हणून नव्हे. आता हिरडी दाबतो, खाली मुळाशी. थुंक त्या भांड्यात. काय चव आली?

कानिफ : घाण.

कडूबाई : पिवळं हाय, साहेब.

डॉक्टर : पू आहे.

कानिफ : असू दे. नऊ दिवस राहील ना तशीच? भरती झाल्यावर काढतो. तिथं कोण दाबून बघणार आहे?

डॉक्टर : राहील. नऊ महिनेही राहील. तिथं कुणाच्या लक्षातही येणार नाही. वर बर्फातल्या एका ठाण्यावर माझ्याकडे असाच एक जवान होता. तुझ्याच वयाचा. दाढ दुखत नव्हती, म्हणून बोलला नाही. एक दिवस सकाळी गळा सुजला. दुपारपर्यंत श्वास अडकायला लागला. मी खालच्या तळावर, मध्ये रस्ता बंद. हेलिकॉप्टर चार दिवसांनी वर जाऊ शकलं.

कानिफ : मग?

डॉक्टर : मग काय. त्याला खाली आणताना मी त्याच्याशेजारी बसून आलो. एवढंच करता आलं.

कडूबाई : ह्याचं बी तसंच व्हईल?

डॉक्टर : होईलच असं नाही बाई. पण होऊ शकतं.

कडूबाई : मंग काढा. आत्ताच काढा.

कानिफ : बघा! फिरून तिथंच आली. साहेब, तुम्ही बी ही गोष्ट नेमकी आजच सांगता. मला भ्या घालायला.

डॉक्टर : भीती घालायलाच सांगतोय. दुसरं काय करू? तुला दाढ दाखवली तर म्हणतोस काढू नका. कार्ड दाखवलं तर म्हणतोस शाई. जबरदस्तीनं मी कुणाचं तोंड उघडत नाही. जा घरी. पण पुढं गाल सुजला तर रात्र-दिवस बघू नकोस, सरळ ये.

कानिफ : चल आये.

कडूबाई : थांब.

कानिफ : गाडी चुकंल.

कडूबाई : थांब म्हनते ना. साहेब, काढल्याबिगर दुसरा काय इलाज न्हाई का? आसं काय तरी, की दाढबी ऱ्हाईल आन त्यातली घान बी जाईल?

डॉक्टर : आहे. पुण्याला होतो. दाढेला वरून भोक पाडतात, आतली मेलेली नस काढतात, मुळापर्यंत साफ करून भरून टाकतात. तीन-चार खेपा लागतात. माझा जुना सोबती आहे तिथं, हात चांगला आहे त्याचा.

कानिफ : आणि ती गुणांत धरतात?

डॉक्टर : भरलेली दाढ धरतात. काढलेली धरत नाहीत.

कानिफ : मग गुरुवारी का नाही सांगितलंत हे?

डॉक्टर : कारण आठ वर्षांत अकरा जणांना मी चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवलं. एकही जण तिथं पोचला नाही. मग मी सांगायचंच सोडून दिलं. ती माझी चूक. ती मान्य आहे.

कानिफ : म्हणजे मी पुण्याला चार खेपा घालत बसायचं आणि इकडं भरती उरकून जायची. दोघांनी मिळून चांगलं ठरवलंय.

डॉक्टर : मी आजच सुरू करायला लिहितो. नेटानं केलं तर शुक्रवारपर्यंत होईल. तिथं राहायला कुणी आहे?

कडूबाई : हाय. माझी बहीन हाय खडकीला, छबू. तिच्याकडं ऱ्हाईल.

कानिफ : तू कशाला जागा सांगतीस? तुला तर मी जायलाच नको हाय.

कडूबाई : नकोच हाय.

कानिफ : मग?

कडूबाई : कानिफा, माझ्याकडं बघ. तुझं सगळं तोंड बोळकं झालं असतं तरी मला चाललं असतं. तुझ्या ताटात भाकरी कुस्करून दिली असती मी जल्मभर. मी तसलीच आई हाय, मला त्याची लाज न्हाई. पर डाक्तरनं माझं ऐकलं न्हाई. मला बाहीर काढलं. ही दाढ सडली ती आपसुक सडली, त्यात माझा हात न्हाई. गोरखची आन हाय मला.

कानिफ : दादाची आन घेतलीस?

कडूबाई : घेतली.

कानिफ : पेटी आल्यापासनं तू त्याचं नाव घेऊन कधी शप्पत घेतली न्हाईस.

कडूबाई : आज घेतली.



डॉक्टर : काय ते लवकर ठरव. आत माणूस तोंड वासून बसलाय.

कानिफ : चिठ्ठी लिहा. पण मला वाचून बघायचीय. मला इंग्रजी येतं वाचता. मॅट्रिकला बसलोय मी.

डॉक्टर : वाच की. हे घे. अक्षर वाईट आहे माझं.

कानिफ : 'प्लीज... सेव्ह... धिस... मोलर.' मोलर म्हणजे दाढ ना? 'बॉय हॅज... रिक्रूटमेंट...' हां. खाली तारीख बी घातलीय सोमवारची.

कडूबाई : काय लिवलंय रं?

कानिफ : दाढ वाचवा म्हणून लिहिलंय.

कडूबाई : नीट वाच. पुन्हा एकदा वाच.

कानिफ : तेच लिहिलंय, आये.

डॉक्टर : दीडला पुण्याची गाडी आहे. स्टँडवर जाईपर्यंत तुला वेळ होईल, निघ. आणि खिशातली ती सुपारी टाकून दे. मला वास येतोय.

कडूबाई : घे, ह्ये माझं फडकं घे. गालाला बांध. खिडकीपाशी बसू नको, त्या अंगाला वारं लागंल. छबूला म्हनावं, जवारीच्या कन्या पातळ कर म्हनली आई.

(महिन्यानंतर. तोच दवाखाना.)

डॉक्टर : या बाई, या. कोंबडी न्यायला आलात?

कडूबाई : ऱ्हाऊ द्या ती. तिच्या नशिबाचे दाने हितंच आसतील.

डॉक्टर : कानिफचं काय झालं? मी वाट बघत होतो कुणीतरी सांगेल म्हणून.

कडूबाई : घेतला. पुन्याच्या दाढंचे दोन्ही गुन धरले म्हनं. त्यांच्या डाक्तरनं आत आरसा घालून बघितलं, कुनी भरली म्हून इचारलं. मागल्या आठवड्यात बेळगावला धाडला. कागद आलाय, केस बारीक कापलेत, अंग लई दुखतं, आन मोटारीचं आजून कुनी नाव काढत न्हाई म्हनतो.

डॉक्टर : काढतील. सहा महिने जाऊ द्या. तुमची दाढ दुखते का? बसा खुर्चीत.

कडूबाई : न्हाई, माझं काय दुखत न्हाई. मला एक इचारायचंय. खोटं सांगायचं न्हाई.

डॉक्टर : विचारा.

कडूबाई : ती दाढ खरंच सडली हुती का? का तुमाला माझी दया आली हुती?

डॉक्टर : दया आली होती. मंगळवारी तुम्ही गेल्यावर हातातलं काम सुचेना मला. पण दाढ सडली होती, बाई. तुम्ही यायच्या आधीच सडली होती.

कडूबाई : बरं.

डॉक्टर : तुम्ही तर त्याच्यापुढं शपथ घेतली होती.

कडूबाई : घेतली. आन मनात मला वाटत हुतं, डाक्तरनं वरनं मला हाकललं, पर आतनं माझं ऐकलं. पुवाचं बी मला खरं वाटंना. म्हनलं, दाबलं की कुनाच्याबी हिरडीतनं काय तरी येतच आसंल. गोरखचं नाव घेऊन मी खोटं बोलले, ह्ये वझं महिनाभर वागवती हाय.

डॉक्टर : खोटं नव्हतं ते.

कडूबाई : आत्ता कळलं मला. तवा न्हवतं कळलं.

डॉक्टर : पण मग तुम्ही गप्प का राहिला नाहीत? मी इथंच काढली असती, तो घरी राहिला असता. पुण्याचं नाव तुम्हीच काढायला लावलंत मला.

कडूबाई : तो घरी ऱ्हायला नसता, साहेब. ती घान तोंडात घिऊनच गेला असता, माझ्यावर राग धरून. तुमी मंग ते बर्फातलं सांगितलं. त्ये बी खरं का खोटं मला कळंना. पर त्या पोराच्या शेजारी बसून आलो म्हनलात ना तुमी, तवा वाटलं, खरंच आसलं तर? गोरखच्या शेजारी कोन बसलं हुतं, ते मला आजून कुनी सांगितलं न्हाई.

डॉक्टर : पाणी देऊ का, बाई?

कडूबाई : येते मी.

डॉक्टर : बसा ना थोडा वेळ.

कडूबाई : दोनची यस्टी हाय. तवर बसते.